दशांश चिन्हाच्या उजवीकडे

प्राथमिक शाळेच्या गणितात मुलाला जे जे शिकायचे असते त्याचा फार मोठा भाग एकाच नियमावर उभा आहे. अंक कोणता आहे याबरोबरच तो कोणत्या जागी बसला आहे यावरही त्याची किंमत ठरते, आणि डावीकडची प्रत्येक जागा तिच्या लगतच्या उजवीकडच्या जागेच्या दहापट असते, असा तो नियम आहे. ५५५ या संख्येत तीन ठिकाणी एकच अंक दिसतो. त्याची दर्शनी किंमत, म्हणजे अंक एकटा पाहिला असता दिसणारी किंमत, तिन्ही ठिकाणी पाचच आहे, परंतु स्थानिक किंमत, म्हणजे जागेमुळे त्याला मिळालेली किंमत, अनुक्रमे पाचशे, पन्नास आणि पाच अशी आहे. पहिली-दुसरीच्या वर्गात शिकवला जाणारा हा नियम पुढे पाचवीत दशांश अपूर्णांकांच्या रूपाने पुन्हा समोर येतो, आणि तेथे अनेक मुले अडखळतात. त्यांचे अडखळणे पाचवीत दिसत असले तरी त्याचे कारण बहुधा दुसरीत असते, हे ध्यानात घेतल्याशिवाय दशांश शिकवण्याचा कोणताही उपाय टिकत नाही.

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिघीसारख्या गावात या प्रश्नाला रोजच्या व्यवहाराची धार आहे. राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर वसलेल्या या गावासमोर मुरूड तालुक्यातील आगरदांडा आहे, खाडीच्या मुखाशी जंजिरा किल्ला आहे, आणि दोन्ही तीरांमध्ये माणसांबरोबर वाहनेही नेणारी जंगल जेटी चालते. मासेमारी हा येथील जुना व्यवसाय, भोवतालच्या श्रीवर्धन पट्ट्यात रोठा सुपारीच्या वाड्या, आणि खाडीकाठी २०२१ पासून अदानी समूहाच्या ताब्यात असलेले दिघी बंदर, अशा या परिसरात वाढणाऱ्या मुलाच्या नजरेसमोर दशांश चिन्ह शाळेत जाण्याआधीपासूनच असते. मासळी अजून काही ठिकाणी वाट्यावर विकली जात असली तरी मोठी सुरमई आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते आणि काट्याच्या पट्टीवर दशांश चिन्हानंतर तीन अंक उमटतात. पेट्रोलपंपाच्या फलकावर दर दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेला असतो. भरतीची उंची मीटरमध्ये आणि मीटरच्या अंशांत दिली जाते. मूल ज्या चिन्हाला रोज पाहते, त्याचा अर्थ मात्र त्याला शाळेनेच द्यावा लागतो, आणि शाळा तो देताना कोठे कमी पडते हा या लेखाचा विषय आहे.

पहिलीच्या वर्गात दहा सुट्या काड्या रबराने बांधून दशकाचा गठ्ठा केला जातो, तेरा म्हणजे एक गठ्ठा आणि तीन सुट्या काड्या असे दाखवले जाते, आणि येथपर्यंतचे काम बहुतेक वर्गांत चांगले होते. घसरण त्यानंतर सुरू होते, कारण गठ्ठे लवकरच बाजूला पडतात आणि त्यांची जागा ‘श’, ‘द’, ‘ए’ अशी अक्षरे डोक्यावर असलेले चौकटींचे तक्ते घेतात. शतक, दशक आणि एकक यांच्या या चौकटींत मूल ३४७ मधील अंक बिनचूक मांडते, चार दशकस्थानी आहे असे सांगते, परीक्षेत गुण मिळवते. तरीही ३४७ मध्ये एकूण किती दशक आहेत असे विचारल्यास ते चार असेच उत्तर देते, कारण त्याला दशक हे एका चौकटीचे नाव म्हणून ठाऊक असते, दहाचा समूह म्हणून नसते. वास्तविक तीन शतकांच्या पोटात तीस दशक आहेत आणि म्हणून ३४७ मध्ये चौतीस दशक व सात एकक आहेत, हे उत्तर ज्याला देता येते त्यालाच स्थानिक किंमत समजली असे म्हणता येईल. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ कॉन्स्टन्स कमी यांनी १९८० च्या दशकात केलेली चाचणी या संदर्भात प्रसिद्ध आहे. सोळा वस्तू मोजायला लावून, सोळा ही संख्या लिहायला लावून, त्यातील एक या अंकाएवढ्या वस्तू दाखव असे मुलांना सांगितले असता पुष्कळांनी एकच वस्तू दाखवली, आणि सहा या अंकासाठी सहा वस्तू दाखवल्यावर उरलेल्या नऊ वस्तू कोणत्या अंकाच्या वाट्याच्या, हा प्रश्न त्यांना पडला नाही. अशा चाचणीला पैसा लागत नाही आणि छापील साहित्यही लागत नाही. कोणत्याही गावातील शिक्षकाला ती चिंचोक्यांवर घेता येईल.

मराठी मुलाच्या वाटेत आणखी एक अडचण भाषेने ठेवलेली आहे. लिहिताना दशक आधी येतो आणि एकक नंतर, पण बोलताना एकवीस, पंचवीस, सत्तावीस असा एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर. म्हणजे कानावर पडलेला क्रम उलटा करून मुलाला तो कागदावर उतरवावा लागतो. एकोणतीस, एकोणचाळीस अशा नावांत तर पुढच्या दशकातून एक वजा करण्याची क्रिया दडलेली आहे, त्यामुळे तीस ऐकू येऊनही दोन लिहायचे असतात, आणि हीच सवय धरून चालावे तर नव्व्याण्णवपाशी ती मोडते. एकतीस, एक्केचाळीस, एक्कावन्न, एकसष्ट, एक्काहत्तर, एक्याऐंशी या नावांत एक आणि दशक यांचे सांधे प्रत्येक वेळी निराळ्या रीतीने जुळले आहेत, म्हणून शंभरापर्यंतची नावे जवळजवळ सुटी सुटीच पाठ करावी लागतात. कन्नडमध्ये वीसला इप्पत्तु आणि एकवीसला इप्पत्तोंदु म्हणतात, म्हणजे वीस आणि एक हा क्रम लेखनाशी जुळतो. सीमाभागात दोन्ही भाषा ऐकणाऱ्या मुलांना हा फरक सहज कळावा. रायगडच्या किनाऱ्यावर मराठीबरोबर उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत, आणि उर्दूतील संख्यानामे मराठीइतकीच अनियमित असून त्यात भर अशी की लिपी उजवीकडून डावीकडे जात असताना संख्या मात्र मोठे स्थान डावीकडे ठेवूनच लिहिली जाते.

ही अडचण ओळखून बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस या रूढ नावांच्या जोडीने वीस एक, वीस दोन असे वाचन दिले. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर या तेव्हा गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि जोडाक्षरांनी भरलेली नावे व उलटा क्रम यांमुळे मुलांच्या मनात गणिताची भीती बसते, ती कमी व्हावी हा त्यामागचा हेतू त्यांनी स्पष्ट केला होता. जून २०१९ मध्ये या बदलावरून मोठा वाद झाला, तो विधिमंडळापर्यंत गेला, मराठी भाषेची मोडतोड होते अशी टीका झाली आणि थट्टाही झाली. त्या थट्टेत एक गोष्ट हरवली, ती ही की रूढ नावे पुस्तकातून काढलेली नव्हती. नवे वाचन हे अंकांच्या जागा कानाला ऐकू याव्यात म्हणून दिलेले पायरीचे साधन होते. नॉर्वेच्या संसदेने १९५१ साली एक आणि वीस या जुन्या क्रमाऐवजी वीस-एक हा क्रम शाळांसाठी व सरकारी कामासाठी स्वीकारला, आणि त्यामागे दूरध्वनी क्रमांक सांगताना होणाऱ्या चुकांचे कारण होते. जर्मनीत आजही एकक आधी बोलला जातो आणि तेथेही असा बदल व्हावा म्हणून प्रयत्न करणारे लोक आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ मराठीचा नाही आणि तो मांडणाऱ्यांच्या मनात मराठीविषयी अनादरही नव्हता. मंगला नारळीकर २०२३ साली निवर्तल्या. मुलांसाठी गणित सोपे करून मांडणाऱ्या या विदुषीच्या वाट्याला आलेली ती टीका अन्यायाची होती, असे म्हणणे भाग आहे. मात्र त्याचबरोबर हेही खरे की वीस एक म्हटल्याने क्रमाची अडचण सुटते, वीस म्हणजे दोन दशक हे आपोआप कळत नाही. ते कळण्यासाठी गठ्ठा हातात घेऊन सोडावा आणि पुन्हा बांधावा लागतो.

तीनशे पाच ही संख्या ऐकून पुष्कळ मुले ३००५ असे लिहितात, आणि ही चूक इतकी जुन्या विचाराशी मिळतीजुळती आहे की तिला केवळ दुर्लक्ष म्हणून लाल शाईने खोडणे योग्य होणार नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहनकालीन लेख आहे; इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या त्या लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांच्या संख्या ब्राह्मी अंकचिन्हांत नोंदवल्या आहेत. त्या पद्धतीत दहासाठी निराळे चिन्ह, शंभरासाठी निराळे, हजारासाठी निराळे, आणि मोठी संख्या म्हणजे अशा चिन्हांची शेजारी शेजारी केलेली बेरीज. तेथे तीनशे पाच लिहायचे तर तीनशेचे चिन्ह काढून त्यापुढे पाचचे चिन्ह काढले की काम झाले. शून्याची गरजच नाही, कारण पाच कोठेही लिहिला तरी पाचच राहतो. ३०० लिहून त्यापुढे ५ लिहिणारे मूल नेमके हेच करते, तीनशे आणि पाच यांची बेरीज ते लिहून दाखवते. त्याला सांगायचे आहे ते इतकेच की आपल्या आजच्या लेखनात दशकाची जागा रिकामी आहे हे शून्य दाखवते, आणि ती जागा नेमक्या एका शून्याने राखली नाही तर तीन शतकाच्या जागेवरून ढळतो. नाणेघाटापासून स्थानमूल्यपद्धतीपर्यंतचा प्रवास भारतात काही शतकांत झाला. आर्यभटाच्या ४९९ च्या सुमाराच्या ग्रंथात प्रत्येक स्थान आधीच्या दहापट असल्याचे सूत्र आहे, ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्यासह गणिताचे नियम दिले, आणि भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला होता, असे तेराव्या शतकाच्या आरंभीचा तेथील शिलालेख सांगतो.

स्थानिक किंमत समजल्याची खरी परीक्षा हातच्याच्या वजाबाकीत होते. ४०२ मधून १७८ वजा करताना दोनातून आठ जात नाहीत, शेजारी दशकस्थानी शून्य आहे, म्हणून एक शतक सोडवून दहा दशक करावे लागतात आणि त्यांतील एक दशक सोडवून दहा एकक. मग उरलेले तीन शतक, नऊ दशक आणि बारा एकक यांतून वजाबाकी होऊन २२४ हे उत्तर येते. ज्या मुलाने गठ्ठे सोडले आहेत त्याला यात गूढ काही दिसत नाही, पण ज्याला केवळ ‘शेजाऱ्याकडून एक उसना घ्या, शून्याचे नऊ करा’ एवढेच शिकवले आहे त्याला शून्याचे नऊ का होतात हे कधीच कळत नाही, आणि पुढे ४ मधून १.७८ वजा करायचे झाले म्हणजे त्याचे सगळे नियम एकदम गोंधळून जातात. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या असर सर्वेक्षणात ग्रामीण मुलांच्या गणिताची चाचणी घेताना दोन अंकी हातच्याची वजाबाकी हा एक टप्पा ठेवलेला आहे, तो याच कारणाने महत्त्वाचा ठरतो. एक स्थान मोडून दहा लहान स्थाने करणे आणि दहा लहान स्थाने जोडून एक मोठे करणे ही दुहेरी देवघेव म्हणजेच स्थानिक किंमत. चौकटींची नावे हे तिचे केवळ लेखन आहे.

ही देवघेव एककापाशी थांबण्याचे खरे तर काही कारण नाही. शतक मोडून दहा दशक होतात, दशक मोडून दहा एकक होतात, तसाच एकक मोडून दहा दशांश होतात, दशांश मोडून दहा शतांश आणि शतांश मोडून दहा सहस्रांश. एकक कोठे संपतो हे दाखवण्यासाठी त्याच्या उजवीकडे एक टिंब द्यायचे, इतकेच दशांश चिन्हाचे काम. नियम इतका सरळ असूनही मानवजातीला तो सुचायला फार काळ लागला, ही गोष्ट शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. अठरा स्थाने नावानिशी सांगणाऱ्या भास्कराचार्यांनी अपूर्णांक लिहिताना अंश वर आणि छेद खाली ही पद्धतच वापरली, एककाच्या उजवीकडे ते गेले नाहीत. दमास्कस येथे ९५२ मध्ये अल-उक्लिदिसी या गणितज्ञाने दशांश अपूर्णांक वापरले, समरकंदच्या अल-काशीने १४२७ च्या ग्रंथात ते पद्धतशीर मांडले, आणि युरोपात त्यांचा प्रसार १५८५ मध्ये सायमन स्टेविन यांनी लिहिलेल्या लहानशा पुस्तिकेने झाला, ज्यात प्रत्येक अंकामागे त्याचे स्थान दाखवणारे वर्तुळातील आकडे लिहिलेले होते. टिंबाची सोय त्यानंतर रुळली. ज्या पायरीसाठी विद्वानांना शतके लागली ती पाचवीच्या मुलाने एका प्रकरणात ओलांडावी अशी अपेक्षा असेल, तर तिच्यासाठी निदान पुरेसा वेळ आणि हाताळण्याजोगे साहित्य तरी दिले पाहिजे.

दशांशात मुले ज्या चुका करतात त्या वाटेल तशा नसतात, त्यांना स्वतःचे तर्कशास्त्र असते. ३.७ आणि ३.२५ यांत मोठी संख्या कोणती असे विचारले असता पुष्कळ मुले ३.२५ सांगतात, कारण चिन्हाच्या उजवीकडचा भाग ते स्वतंत्र पूर्ण संख्येसारखा वाचतात आणि पंचवीस सातापेक्षा मोठेच असतात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात के स्टेसी आणि विकी स्टाइनली यांनी शाळकरी मुलांच्या या समजुतींचा दीर्घ अभ्यास केला, त्यात लांब दिसणारी संख्या मोठी मानणाऱ्या मुलांबरोबरच लांब दिसणारी संख्या लहान मानणारी मुलेही आढळली. हा दुसरा गट ३.२५ पेक्षा ३.७ मोठे हे उत्तर बरोबर देतो आणि म्हणून शिक्षकाच्या नजरेतून निसटतो, पण ३.७५ आणि ३.७ यांत त्याच्या लेखी ३.७ मोठे असते. मराठी मुलाला ही दुसरी समजूत सहज पटावी असे एक कारण आपल्या घरातच आहे. अर्धा किलो म्हणजे ०.५, पाव किलो म्हणजे ०.२५, अदपाव म्हणजे ०.१२५, प्रत्येक वेळी वजन निम्मे होते आणि अंक एकाने वाढतो, त्यामुळे जितके अंक जास्त तितकी वस्तू कमी असा निष्कर्ष काढणारे मूल मूर्ख नसते, त्याने पाहिलेल्या उदाहरणांतून ते प्रामाणिकपणे शिकत असते.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द मराठी मुलाला शाळेच्या पुष्कळ आधी येतात, आणि जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घेतले जात. लेखनातही सव्वा म्हणजे एकाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ, दीड म्हणजे दोन रेघा, पावणेदोन म्हणजे तीन रेघा अशी सोय होती, ज्यात प्रत्येक रेघ एक चतुर्थांश दाखवीत असे. सोळा आण्यांच्या रुपयात, चौसष्ट पैशांच्या हिशेबात आणि शेर-अच्छेराच्या मापात निम्मे करीत जाण्याची ही रीत पूर्ण जुळत होती. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून दशमान वजनमापे टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि व्यवहाराचे गणित निम्मे करण्याच्या रीतीवरून दहा भाग करण्याच्या रीतीवर गेले. बोली मात्र निम्म्याचीच राहिली. यात खेद मानण्यासारखे काही नाही, उलट हे भांडवल आहे, कारण दीड म्हणजे १.५, सव्वा म्हणजे १.२५, पावणेदोन म्हणजे १.७५ अशी जोड एकदा बसली की मुलाच्या हाती दशांशांच्या जगातील ओळखीच्या खुणा येतात आणि १.६ हे दीडापेक्षा थोडे अधिक, १.२ हे सव्वाहून किंचित कमी असा अंदाज ते बांधू लागते. पाढे परत पाठ करून घेण्याची गरज नाही. ही जोड मात्र पाठ्यपुस्तकात आजच्यापेक्षा कितीतरी ठळक असायला हवी.

रुपये आणि पैसे यांच्या आधारे दशांश शिकवण्याची जी सर्वमान्य पद्धत आहे ती मात्र तपासून पाहण्याची वेळ आली आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालू असले तरी दुकानात दिसत नाही, म्हणजे आज पाचवीत असलेल्या मुलाने पैसा हाताळलेला नाही आणि ज्याच्या आधारे नवी गोष्ट समजावून द्यायची तीच त्याला अनोळखी आहे. त्याहून मूलभूत दोष असा की ३.५० रुपये ही रक्कम मूल तीन रुपये आणि पन्नास पैसे अशी दोन पूर्ण संख्यांची जोडी म्हणून वाचते आणि टिंब हे त्या दोहोंमधले केवळ कुंपण ठरते. या वाचनाने रोजचा हिशेब चालतो, पण ३.५ समोर आले की तीन रुपये पाच पैसे असे उत्तर येते, आणि तिसऱ्या दशांश स्थळाला तर या जोडीत जागाच नसते. इलेक्ट्रॉनिक काटाही हीच समजूत घट्ट करतो. १.२५० हे आकडे मूल एक किलो दोनशे पन्नास ग्रॅम असे बरोबर वाचते. मात्र शेवटचे शून्य न लिहिता १.२५ किलो असे कागदावर दिले तर एक किलो पंचवीस ग्रॅम असे ठामपणे सांगते, आणि १.५ तसेच १.०५ किलो यांतला फरक, जो दिघीजवळच्या बोर्लीच्या बाजारात चारशे पन्नास ग्रॅम मासळीचा आहे, तो त्याला दिसत नाही.

लांबी हे दशांशासाठी पैशापेक्षा अधिक चांगले माध्यम आहे, कारण लांबी मुलाला डोळ्यांनी दिसते आणि कितीही बारीक वाटून घेता येते. एक मीटरची कागदी पट्टी, तिचे दहा सारखे भाग, त्यांपैकी एका भागाचे पुन्हा दहा भाग, एवढ्या साहित्यावर दशांश आणि शतांश दोन्ही उभे राहतात, आणि ०.७ मीटरची पट्टी ०.२५ मीटरच्या पट्टीशेजारी ठेवली की कोणती मोठी हा प्रश्न शिल्लक राहत नाही. दिघीसारख्या गावात याला समुद्राची जोड सहज देता येते. पूर्वी खोली वावांत मोजली जाई, वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढे माप. आता डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचे नौकानयन नकाशे मीटरमध्ये असतात, आणि त्यांवर उथळ पाण्याची खोली लिहिताना मीटरचा आकडा मोठा व त्याच्या उजवीकडे किंचित खाली मीटरच्या दहाव्या भागांचा आकडा लहान लिहितात. चार मीटर आणि पाच दशांश मीटर खोली म्हणजे ४ आणि त्याला लागून लहान ५, मध्ये टिंब नाही. टिंब वगळूनही अर्थ टिकतो हे मुलाने पाहिले तर चिन्हाच्या पलीकडे असलेल्या जागेच्या नियमाकडे त्याचे लक्ष जाते. भरतीच्या उंचीचेही तसेच. पावसाळ्यात मुंबई महापालिका साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या तारखा जाहीर करते आणि वर्तमानपत्रे त्या छापतात. उधाणाची आणि भांगाची भरती ओळखणाऱ्या घरातील मुलांना त्या आकड्यांची चढउतार लावायला दिली, ४.७५ आणि ४.८ यांत पाणी कधी जास्त चढेल असे विचारले, तर दशांशाची तुलना त्यांच्या अंगवळणी पडेल, कारण उत्तर चुकल्याचा अर्थ काय हे त्यांना शाळेबाहेरच्या अनुभवाने ठाऊक असते.

वाचनाची शिस्तही येथे फार उपयोगी पडते. ३.२५ ही संख्या ‘तीन पॉइंट पंचवीस’ अशी वाचली की पंचवीस ही पूर्ण संख्या कानात घुमते. पाठ्यपुस्तकाप्रमाणे ‘तीन दशांश चिन्ह दोन पाच’ असे वाचले की तो भ्रम टळतो, पण अर्थ अजून हाती येत नाही. ‘तीन पूर्णांक, दोन दशांश, पाच शतांश’ असे वाचले की प्रत्येक अंक स्वतःची जागा सांगतो. हे तिसरे वाचन लांबलचक आहे आणि ते कायम करायचे नाही, परंतु सुरुवातीचे काही आठवडे वर्गात तेच चालावे. त्या वेळी मुले बहुधा ‘एकांश’ कोठे गेला असे विचारतात, कारण दशकाला दशांश आणि शतकाला शतांश अशी जोडी दिसत असताना एककाला जोडीदार का नाही हे त्यांना खटकते. प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर असे की या मांडणीचा मध्य टिंबावर नसून एककावर आहे. एककाच्या एका बाजूला दशक आणि दुसऱ्या बाजूला दशांश, एकापेक्षा दहापट मोठा आणि दहापट लहान, असे ते समान अंतरावरचे शेजारी आहेत.

खालच्या वर्गात सोयीसाठी सांगितलेल्या काही युक्त्या या टप्प्यावर उलटतात. दहाने गुणायचे तर उजवीकडे शून्य द्या, ही युक्ती तिसरीत चालते, पाचवीत मात्र २.५ ला दहाने गुणून २.५० हे उत्तर तिच्याच आधारे येते. दहाने गुणल्यावर प्रत्येक अंक एक जागा डावीकडे सरकतो आणि रिकाम्या राहिलेल्या एककाच्या जागी शून्य येते, असे तिसरीतच सांगितले असते तर २.५ चे २५ होणे त्याच नियमात बसले असते आणि टिंब सरकवण्याची निराळी युक्ती शिकवावी लागली नसती. जास्त अंक असलेली संख्या मोठी, हेही असेच तिसरीचे अर्धसत्य आहे. प्राथमिक वर्गात सांगितलेला प्रत्येक नियम दोन इयत्तांनंतरही खरा राहतो का, हे पाहूनच तो सांगावा, आणि ज्या शाळेत पहिली ते पाचवीचे शिक्षक एकत्र बसून ही चर्चा करू शकतात, मग ती दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा का असेना, तेथे हे काम अवघड नाही; लहान शाळेत तर तेच शिक्षक त्याच मुलाला वर्षानुवर्षे शिकवीत असल्याने ते अधिकच सोपे ठरावे.

परीक्षेतील प्रश्न बदलले तर शिकवणेही बदलते, म्हणून शेवटी प्रश्नांविषयी. ४.३६ मधील ३ ची स्थानिक किंमत लिहा, हा प्रश्न चौकटीचे नाव आठवणारे मूलही सोडवते. त्याऐवजी बारा दशांश ही संख्या अंकांत लिहा असे विचारावे, ०.१२ लिहिणाऱ्या मुलाला दहा दशांशांचा एक एकक होतो हे अजून कळलेले नाही, १.२ लिहिणाऱ्याला कळले आहे. ०.८, ०.९ यांच्या पुढची संख्या विचारावी, ०.१० हे उत्तर देणारे मूल टिंबाला कुंपण मानते. ०.३ आणि ०.४ यांच्यामध्ये एखादी संख्या आहे का असे विचारावे, आणि नाही म्हणणाऱ्या मुलाला मीटरच्या पट्टीवरचा तो एक दशांशाचा तुकडा हातात देऊन त्याचे दहा भाग करायला सांगावे, म्हणजे ०.३१ पासून ०.३९ पर्यंतच्या नऊ संख्या ते स्वतः रेघा मारून लिहील, आणि त्यांतल्या एखाद्या भागाचेही पुन्हा दहा भाग करता येतील का, हा पुढचा प्रश्न बहुधा त्याच्याकडूनच येईल.